आबांनी पारखलेला मासा

देवपुरात नळाला पाणी आलं की शेजारणी आधी पिण्याचं भरून घेतात. आमच्याकडे आधी आमच्या ह्यांचा ड्रम भरतो. मग ते गोडं पाणी गाळून-बिळून हे त्यात समुद्राचं मीठ कालवतात. समुद्र इथून कुठल्या कुठे, पण हौसेला मोल नाही म्हणतात ना, त्यातली गत.

हे खारं पाणी ह्यांच्या काचेच्या टाकीसाठी. तिच्यात दोन नारिंगी मासे, चार गोगलगायी, शंखात राहणारा एक खेकडा आणि लाल पट्ट्यांची एक कोळंबी. मला कौतुक फक्त कोळंबीचं. पाण्यात हात घातला की ती येऊन माझी नखं साफ करते. या घरात माझ्या हातांची विचारपूस करणारी तेवढीच एक. म्हणून ह्यांनी नवा मासा आणायचं काढलं तेव्हा मी बजावलं, "माझ्या कोळंबीच्या मिशीला जरी धक्का लागला, तरी टाकीसकट तुमची रवानगी गच्चीवर."

ह्यांनी तीन महिने मोबाइलमध्ये डोकं घालून वहीच्या पानावर तक्ता केला. कोण कोणाला खातं, कोण कोणाशी भांडतं, सगळं त्यात. एवढी चौकशी माझं लग्न ठरवताना कुणी केली नव्हती.

जळगावच्या दुकानात जायचं ठरलं तेव्हा सासऱ्यांनाही गाडीत घेतलं. आबांनी हयातभर बैलांचे व्यवहार केले. बाजारात लोक त्यांना बैल पारखायला हाताला धरून न्यायचे. मग गुडघे गेले, घरची जोडी विकली आणि दोन महिन्यांपूर्वी ते आमच्याकडे राहायला आले. इथं त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. एकच पेपर संध्याकाळपर्यंत वाचायचे.

दुकानात ह्यांचं मन बसलं ते एका काळ्या माशावर. अंगभर पांढरे ठिपके, पिवळे ओठ. तक्त्यात त्याच्यापुढे 'जपून' असं लिहिलं होतं. दुकानदार म्हणाला, "पिल्लू आहे साहेब, गरीब आहे." आबा कमरेत वाकले आणि चष्मा काचेला टेकवला.

"याना दात दखा," ते म्हणाले.

"आबा, हा बैल नाही," हे म्हणाले.

"याले काहीतरी खावाले टाक," आबांनी दुकानदाराला सांगितलं. त्यानं नाइलाजानं एक बारकी गोगलगाय टाकली. त्या गरिबानं ती शंखासकट कडाकडा चावून खाल्ली. ह्यांनी तक्त्याची घडी करून खिशात घातली.

मग आबा अर्धा तास टाक्यांपुढून फिरले आणि कोपऱ्यातला एक मासा निवडला. चिखलाचा रंग, बटबटीत डोळे. काचेवरचं शेवाळ खरवडत होता आणि दुसरा मासा आला की सरकून जागा देत होता. "हाऊ चरणारा शे. हाऊच ल्या." एवढ्या लांब येऊन हे ध्यान न्यायचं म्हणून हे पारोळ्यापर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

चार दिवसांनी सकाळी पाहते तर कोळंबी दगडापाशी आडवी. पाय, मिशा, पट्टे जागच्या जागी, पण आतून पोकळ. आणि ते ध्यान शेजारीच बसलेलं. माझा तोल गेला. आबा चहा पीत होते, त्यांना मी नाही नाही ते बोलले. बैलबाजारातली अक्कल इथं पाजळायला कुणी सांगितलं होतं, असंही बोलले. आबांनी कप खाली ठेवला आणि आत गेले.

हे जाळी घेऊन आले. त्यांनी दगड हलवला तर मागच्या कपारीतून कोळंबी बाहेर आली, आधीपेक्षा मोठी आणि लालभडक.

"अगं, हिनं कात टाकलीय," हे म्हणाले. "महिन्याला टाकते. मी तू उठायच्या आत काढून टाकतो. तुला सांगायचं राहिलं."

तीन महिने तक्ता केला आणि एवढं सांगायचं राहिलं. पण ह्यांचा समाचार घ्यायला वेळ नव्हता.

आत आबा पिशवी भरत होते. धोतर, औषधं, कंगवा. मी दारातूनच म्हणाले, "आबा, चुकलं माझं. कोळंबी जिवंत आहे. तिनं नुसती कात टाकली होती. तुमच्या माशानं काही केलं नाही." चुकलं माझं, असं सासरी मी पहिल्यांदाच म्हणत होते.

आबा खाटेवर बसले. "तू बोलनी त्यानं काही नही, बाई," ते म्हणाले. "माले वाटनं, मनी नजर गई. तीच एक उरेल व्हती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पिशवीतलं धोतर काढून खुंटीला लावलं. औषधं त्यांनी स्वतःच काढली. मग चष्मा पुसत म्हणाले, "आते दुसरा मासा लेवाले जळगाव कवय जानं?"