गॅसच्या पेटीचं भोक

थळच्या बंदरात होड्यांवर गॅस बसवायला तो फिटर म्हसळ्याहून यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या खिशात दाढीचा ब्रश असायचा. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का बघत तो उकिडवा बसायचा. तेवढा वेळ कोणाशी बोलायचा नाही.

माझ्या होडीवर त्यानं सिलिंडर केबिनच्या बाहेर, वर उघड्यावर पेटीत बसवला आणि पेटीच्या तळाला बाहेर निघणारं भोक पाडलं. "गॅस जड असतो, नाखवा. गळला तर पाण्यासारखा खाली जातो. त्याला समुद्राकडं वाट ठेवायची."

होडीला भोक आम्हाला बघवत नाही. तो गेल्यावर मी त्यात कापूस नि डांबर भरलं.

पुढं नळी गळली. पेटीत साठलेला गॅस फटीतून केबिनमध्ये उतरला. खलाशानं चहाला काडी ओढली आणि त्याचे दोन्ही हात भाजले. बंदरावर मी सांगितलं, फिटरचं काम कच्चं. त्याला बोलावून चारचौघांत झापलंही. त्यानं वाकून नखानं डांबर खरवडलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "व्हय, माझंच चुकलं." वर्षभर त्याला थळात कोणी काम दिलं नाही.

मग एकदा शेजारच्या होडीवर दिसला. पेटीला दोन भोकं पाडत होता.

"दोन कशाला रे?" मी विचारलं.

"एक हाय मालकाला बुजवायला," तो मान वर न करता म्हणाला.

सगळे हसले. हात भाजलेला माझा खलाशीही हसला. भोक मी बुजवलं होतं, हे त्याला मी काल सांगितलं.