दोन डावे पंख

मासिकात छापलेल्या मॉडेल विमानाच्या आराखड्यात पंख एकच असतो, डावा. उजव्यासाठी म्हणे त्याच कागदाला तेल लावायचं आणि रेघा पलीकडून दिसू लागल्या की तो उलटायचा. मी तेल लावलं, उलटायचं मात्र विसरलो. तीन आठवडे हलक्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवल्या, आणि आज टेबलावर दोन डावे पंख पडलेत. डोकंच फिरलं! सगळ्या शहाण्यांची हीच खोड. अर्धं दाखवायचं आणि उरलेलं तुमचं तुम्ही बघा म्हणून मोकळं व्हायचं. लग्नात मला मिळालेले सल्लेही असेच अर्धे होते.

"अहो, मग आता दोन उजवे करा," चहा ठेवत बायको म्हणाली. "दोन विमानं होतील."

मी धुसफुसतच कागद उलटला.