भाचीचा कप्पा

दीक्षितपुऱ्यातलं आमचं घर तीन खोल्यांचं. त्यात मी, नवरा, सासूबाई आणि आमची दोन मुलं. नवरा संरक्षण कारखान्यात, मी सरकारी कचेरीत. दोघंही सकाळीच बाहेर पडणारे, त्यामुळे घर आवरायचं ते येताजाताच. जो उठेल त्याने आपल्या पांघरुणाची घडी करायची. शाळेतून आल्यावर दप्तर खुंटीला, डबा मोरीत. आणि जेवायला बसण्याआधी ज्याने त्याने आपल्या वस्तू आपापल्या कप्प्यात ठेवायच्या, नाहीतर ताट वाढलं जायचं नाही. मुलं कुरकुरत, पण करत.

माझी धाकटी बहीण जवळच्याच पाटन गावी, हिंदी बोलणाऱ्या घरात दिलेली होती. साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. दिवसकार्य उरकल्यावर मेहुणे आपल्या मुलीला आमच्याकडे घेऊन आले. चौथीत होती ती. मेहुण्यांचा धान्याचा व्यापार, दिवसभर मंडीत.

"सध्या राहू द्या, दीदी," ते म्हणाले. सध्या म्हणजे किती, ते त्यांनाही ठाऊक नसावं. मीही विचारलं नाही.

आमच्या घराची रीत भाचीने लगेच उचलली. मी उठायच्या आत तिचं अंथरूण गुंडाळलेलं असायचं. ताट स्वतःच घासायची. कंगवा, रिबिनी, वह्या, तिचं काही कुठे पडलेलं दिसायचं नाही. सासूबाई नातवांना ऐकवायच्या, "पाहा, तिला काही सांगाव लागते का?" मलाही बरं वाटायचं. आई गेलेली पोर, पण सावरून राहिली, असं वाटायचं.

कपाटातला मधला कप्पा मी तिला रिकामा करून दिला होता. दिवाळीच्या आधी कपाट पुसायला काढलं तेव्हा पाहिलं, त्यात काहीच नव्हतं. खाली अंथरलेल्या कागदाला साधी सुरकुती नव्हती. तिचे सगळे कपडे, पुस्तकं, खाटेखालच्या तिच्या बॅगेत. ओला टॉवेलसुद्धा प्लास्टिकच्या थैलीत गुंडाळून आत ठेवलेला.

"अगं, कप्पा दिला ना तुला? बॅगेत काहून ठेवून राहिली सगळं?"

ती खाली पाहत म्हणाली, "पापा केव्हापण येतील न, मावशी. मग शोधाव नाही लागणार."

"आले की भरू आपण. चल, आत्ता लावून टाकू."

आम्ही दोघींनी मिळून फ्रॉक, स्वेटर, युनिफॉर्म लावला. तिने काही हट्ट केला नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीतून येऊन पाहिलं तर कप्पा पुन्हा रिकामा, बॅगेची चेन ओढलेली. मी परत काढायला लागले तर नवरा म्हणाला, "राहू दे. जबरदस्ती नको करू."

मेहुणे आधी दर रविवारी यायचे. मग महिन्यातून एकदा. थंडीत तर नुसते फोन आले. फोन झाल्यावर ती बराच वेळ गच्चीवर जाऊन बसायची. बोलवायला गेलं की लगेच उठून यायची, डोळे पुसलेले असायचे.

परीक्षा संपल्यावर ते आले, सोबत नवी बायको. बाई साधीच होती. माझ्या पाया पडली, म्हणाली, "बिटिया को लेने आए हैं, दीदी."

"इथे शाळेत रमली आहे ती," मी मेहुण्यांना म्हटलं. "पाचवी तरी होऊ द्या."

"वहां एडमिशन हो गया, दीदी."

"तिला विचारलं?"

त्यांनी भाचीकडे पाहिलं. ती बूट घालून, बॅग घेऊन दाराशी उभीच होती. सगळ्यांच्या पाया पडली. मी आत कपाटाकडे वळले तशी ती मागून म्हणाली, "मावशी, माझं काही राहिलं नाही. मी पाहून घेतलं."

सासूबाई रडल्या. मला रडूही आलं नाही.

आता ती आठवीत आहे. पाटनच्या घरी छोटा भाऊ आला आहे, त्याला तीच सांभाळते. फोनवर आता हिंदीतच बोलते, मला मौसी म्हणते. मी मराठीत विचारते, तिला सगळं कळतं, पण उत्तर तेवढंच, "ठीक हूं, मौसी." मग सासूबाई माझ्या हातातून फोन घेतात आणि विचारतात, "केव्हा येशील, बाई?"

ती म्हणते, "पापा से पूछकर बताऊंगी."