सोनोग्राफीच्या कागदाची झेरॉक्स

आमची मुलगी सातव्या महिन्यात पोटातच गेली. त्यानंतर तिची म्हणून घरात एकच गोष्ट राहिली, पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीचा फोटो. फोटो म्हणजे मशीनमधून पट्टीसारखा निघतो तो गुळगुळीत कागद. काळ्यावर पांढुरकं डोकं, खाली छातीचा गोल आणि एक हात तोंडाजवळ नेलेला. दवाखान्यात मोठ्या माणसांनी बायकोला बाळ बघू दिलं नव्हतं. "बघू नको बाई, माया लागंल," असं तिच्या आईनंच सांगितलं. फुलंब्रीच्या अलीकडं आमचं गाव आहे, तिथं शेताच्या बांधाला आम्ही बाळाला ठेवून आलो तेव्हा बायको इकडं वॉर्डात पडून होती. तिच्यासाठी मुलगी म्हणजे तो कागदच होता.

मी शेंद्र्याला एका कंपनीत पॅकिंगला आहे. शहरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतो. सुट्टीच्या दिवशी दुपारी बायकोनं कपाटातून कागद काढला आणि खिडकीशी नेला. ती असं अधूनमधून करायची. मी बघितलं तरी न बघितल्यासारखं करायचो. त्या दिवशी तिनं हाक मारली.

"अहो, हिकडं या जरा. हात दिसतो का तुमाला?"

मी जाऊन बघितलं. कागद पिवळट पडला होता. डोकं होतं, पण हात कुठं संपतो आणि तोंड कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं.

"दिसतो की," मी म्हणालो.

"खोटं नका बोलू. उडत चाललंय समदं. अजून वरीसभरानं कोरा कागद राहील."

माझ्या मोबाइलमध्ये एक जुना फोटो होता, पण तो घाईत काढलेला. ट्यूबलाइटची चमक नेमकी बाळाच्या तोंडावर आली होती. मी पुन्हा काढून बघितला. कागद सारखा वळायचा आणि फोटोत नुसता राखाडी धूर यायचा.

"दुकानात न्या," ती म्हणाली. "झेरॉक्सवाल्याकडं. नीट काढून आणा, मोठा."

दुसऱ्या दिवशी मला दुसरी पाळी होती. सकाळी कागद एका वहीच्या पुठ्ठ्यात घालून मी गाडीवर औरंगपुऱ्यात गेलो. तिथल्या गल्ल्यांत झेरॉक्सच्या दुकानांना तोटा नाही. काम तासाभराचं आहे असं मला वाटलं होतं.

पहिलं दुकान मी मुद्दाम मोठं निवडलं. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर नंबर दाखवणारा दिवा. टोकन घेऊन उभा राहिलो. माझा नंबर आल्यावर काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता सांगितलं, "फाइल व्हॉट्सॲप करा सर, नंबर समोर लिहिलाय."

"फाइल नाही, कागद आहे," म्हणत मी पुठ्ठा उघडला.

तिनं कागद उचलला, उलटा धरला, सुलटा धरला. "हे सोनोग्राफीचं आहे ना?" ती बरंच मोठ्यानं म्हणाली. रांगेतली दोन-तीन माणसं माझ्याकडं बघायला लागली. तेवढ्यात आतून त्यांचा मॅनेजर आला. त्यानं कागद हातातसुद्धा घेतला नाही.

"हे आम्ही करत नाही. मुलगा-मुलगी बघायच्या कायद्यात येतं हे. उद्या कुणी चौकशीला आलं तर काय सांगू?"

"साहेब, बाळ गेलंय आमचं," मी म्हणालो. हे मला त्या रांगेत, सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं.

तो "सॉरी हां," म्हणाला. "पण आमचा नियमच आहे." तोवर मुलीनं दिव्यावर पुढचा नंबर लावला होता. माझ्या मागचा माणूस माझ्या खांद्यावरून त्याचं आधार कार्ड पुढं करत होता. मी कागद उचलला आणि बाहेर आलो.

दुसरं दुकान गल्लीत आत होतं. एकच मशीन, समोर कॉलेजच्या पोरांची गर्दी, आणि मध्ये एक म्हातारे गृहस्थ. कुणी काही विचारलं की ते अंगावर यायचे. "सुट्टे काढून ठिवा", "पानं लावून द्या, मला टाइम नाय", "बोलू नका, मोजू द्या." मी कागद पुढं केला. त्यांनी तो कडेनं धरून डोळ्यांजवळ नेला आणि लगेच परत दिला.

"हे नाय व्हत."

"का बरं काका? जरा गडद करून..."

"नाय व्हत म्हणलं ना. घरी न्या, ठिवून द्या नीट. चला, पुढचं कोण?"

नुसतं का होत नाही एवढं जरी त्यांनी सांगितलं असतं तरी बरं झालं असतं. त्यांना त्या कागदाचं काही माहीत होतं, की आणखी एक कटकट नको म्हणून त्यांनी मला घालवलं, ते मला आजही सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं असतं तर ओरडले असते, म्हणून मी विचारलं नाही.

तिसऱ्या दुकानात मला कुणीतरी माणसासारखं वागवलं. माझ्याच वयाचा दुकानदार होता, एकटाच. मी दारात घुटमळलो तर म्हणाला, "आओ ना भाई, अंदर आओ. बसा आधी." त्यानं स्वतःची खुर्ची दिली, पाण्याची बाटली पुढं केली. माझं सगळं ऐकून घेतलं. मध्ये दुसरं गिऱ्हाईक आलं तर त्याला म्हणाला, "दस मिनट रुको साहब, यांचं काम महत्त्वाचं आहे." मी कुणाला एवढं सांगितलं नव्हतं, गावाकडच्या माझ्या भावालाही नाही. 

"फिकर नक्को करू," तो म्हणाला. "असा बनवून देतो की वहिनी बघतच राहतील. मोठा स्कॅन करू, मग कंप्यूटरवर हात वगैरे साफ करू."

त्यानं कागद स्कॅनरच्या काचेवर ठेवला. कागद वळला. त्यानं बोटानं दाबला, तो दुसरीकडून वळला. "इसका कोना नहीं बैठता," असं स्वतःशीच म्हणत त्यानं कागद परत उचलला. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होतो. "पहिले लॅमिनेशन मारून देतो, एकदम सीधा होईल. स्कॅनबी चांगला येईल आणि जिंदगीभर खराब होणार नाही. माझ्याकडून, भाभीसाठी."

मी "बरं" म्हणालो की नुसती मान हलवली, आठवत नाही. प्लास्टिकमध्ये कागद घालून त्यानं मशीनच्या तोंडाशी लावला. मशीननं तो सावकाश आत ओढून घेतला. आम्ही दोघं पलीकडच्या बाजूला बघत होतो. प्लास्टिकची कड बाहेर आली आणि मग कागद यायला लागला. तो काळा होता. आधी मला वाटलं, मूळचीच काळी बाजू आहे. पण तो येतच राहिला आणि काळाच येत राहिला.

"अरे," दुकानदार म्हणाला. "अरे, अरे, रुको." त्यानं मशीन थांबवलं. उलटं फिरवायचं बटण दाबलं. कागद हातात घेतला तेव्हा तो चांगलाच गरम होता. वरून छान गुळगुळीत, सरळ झाला होता. आत काही नव्हतं.

त्या कागदाला उष्णता चालत नाही, हे आम्हा दोघांनाही तेव्हा कळलं. दुकानदार कागद फॅनखाली धरून हलवायला लागला, जणू थंड झाल्यावर चित्र परत येणार होतं. मग त्यानं कपाळावर हात मारला आणि खाली बसला. "या अल्ला, ये मैने क्या किया. भाई, मी तर चांगल्यासाठी..." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण मी त्याच्याच खुर्चीवर बसलो होतो, त्याचंच पाणी प्यालो होतो. माझ्या तोंडातून निघालं, "असू द्या. होतं असं." असं कधी होतं, मला काय माहीत.

त्यानं माझा नंबर घेतला, काहीतरी करतोच म्हणाला. मी कंपनीत न जाता घरी आलो. बायको दार उघडायच्या आधीच विचारत होती, "झालं का?" मी पुठ्ठा तिच्या हातात दिला आणि जसं झालं तसं सांगितलं. ती रडेल, बोलेल, असं वाटलं होतं. तिनं ते प्लास्टिक खिडकीशी नेलं, उजेडासमोर धरलं, तिरपं केलं, पुन्हा सरळ केलं.

"ह्याच्या आत असंल का वो ती?" तिनं विचारलं.

 मी मोरीत जाऊन तोंड धूत बसलो.

जिथं सोनोग्राफी केली होती त्या सेंटरवर मी त्याच आठवड्यात जाऊन आलो. रिसेप्शनवरच्या बाईंनी तारीख विचारली, आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, इतकं जुनं मशीनमध्ये ठेवत नाहीत, आणि मशीनही नवीन आलंय. चांगल्या बोलल्या. पण उपयोग काहीच नव्हता.

तिसऱ्या दुकानदाराचे फोन मात्र येतच राहिले. मोबाइलमध्ये एखादा फोटो आहे का, असं त्यानं विचारलं. मी तो चमक आलेला जुना फोटो पाठवून दिला, तेवढंच त्याच्या मनाला बरं वाटेल म्हणून. पुढं एका संध्याकाळी तो पत्ता विचारत आमच्या घरी आला. कागदात गुंडाळलेली एक फ्रेम त्यानं बायकोच्या हातात दिली.

"भाभी, नवीन ॲप आहे. त्यानं सगळं साफ करून दिलं. बघा."

फ्रेममध्ये बाळ होतं. पिवळसर उजेडात, मिटलेले डोळे, नाक, ओठ, गालाखाली मुठीत वळलेली बोटं. बोटांची नखंसुद्धा दिसत होती. कॅलेंडरवर असतं तसं बाळ. जिथं ट्यूबलाइटची चमक होती तिथं कंप्यूटरनं आपल्या मनानं एक चेहरा बसवला होता.

बायको खूप वेळ बघत राहिली. दुकानदार तिच्या तोंडाकडं बघत होता. मला वाटलं, आता ही त्याला काहीतरी वाकडं बोलणार. पण ती म्हणाली, "लई कष्ट घेतले भाऊ तुमी. बसा, चहा टाकते." त्यानं चहा घेतला. त्याला स्वतःला दोन मुली आहेत म्हणाला. जाताना तो हलका झाल्यासारखा दिसला, आणि मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेलो.

परत आलो तर फ्रेम पलंगावर पडलेली होती आणि बायको जमिनीवर बसली होती.

"ही आपली नाय," ती म्हणाली.

"नाही."

"मंग कुणाची हाय?"

"कुणाचीच नाही. कंप्यूटरनं केलीय."

 मग एवढ्या दिवसांत कधी विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं. "तुमी तर बघितलं व्हतं ना. गावी नेताना. कशी व्हती?"

मी बघितलं होतं. गाडीत माझ्याच मांडीवर तर होती. पांढऱ्या फडक्यात. मी एकदाच फडकं बाजूला केलं होतं आणि लगेच झाकलं होतं. आता बायकोसमोर बसून मी तो चेहरा आठवायला गेलो तर डोळ्यांपुढं फ्रेममधलं बाळ यायचं. नाक आठवावं तर तेच नाक. ओठ आठवावेत तर तेच ओठ.

"केस व्हते," मी शेवटी म्हणालो. "काळे. बरेच व्हते."

"अजून?"

"अजून..." मी खूप प्रयत्न केला. "लहान व्हती लई."

"ते तर माहितीय मला," ती म्हणाली, आणि उठून कुकर लावायला गेली.

ती फ्रेम अजून घरात आहे. भिंतीवर लावायचा प्रश्नच नव्हता. टाकून द्यावी म्हणून मी एकदा पिशवीत घालून खाली नेली, पण लहान लेकराचा फोटो कचऱ्याच्या गाडीत टाकायला हात धजेना, कुणाचा का असेना. परत वर आणली. बायकोनं काही न विचारता ती माझ्या हातातून घेतली, फडक्यानं पुसली आणि कपाटावर आडवी ठेवली.