पाचवा डबा राहिलाय

पत्र्याची कुठलीही वस्तू हातात आली की नाना आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. मग तो टपरीवरचा चहाचा ट्रे असो, माझा जेवणाचा डबा असो, नाहीतर बसच्या सीटची पाठ. एकदा आमच्या मालकांनी पेढ्यांचा डबा सगळ्यांपुढे फिरवला, तर नानांनी पेढा घ्यायच्या आधी झाकण तपासलं आणि मान हलवून म्हणाले, "कशापायी अशी कड उघडी सोडली असंल?" पेढे मात्र दोन घेतले.

"कशापायी" हा त्यांचा शब्द. चाकणला आमच्या कारखान्यात स्कूटरच्या बॅटरीचे पत्र्याचे डबे बनतात. मी तिथे डिझाइन विभाग सांभाळतो, आणि नाना माझ्या हाताखाली, पण वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. चऱ्होलीचं जुनं शेतकरी घर. जमिनीवर सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यातल्याच एकीत फ्लॅट मिळाला, तरी नाना रोज जुन्या स्कूटरवरून कामावर यायचे. घरी बसून काय भिंती मोजू, म्हणायचे. त्यांचं खरं नाव सांगत नाही, छापलेलं त्यांना आवडलं नसतं.

संगणकावर डिझाइन करताना आपण एक भोक पाडलं, एक कड दुमडली, की पडद्याच्या डाव्या बाजूला एक यादी वाढत जाते. भोक एक, भोक दोन, दुमड एक. ही नावं संगणक स्वतःच देतो आणि आपण सगळे ती तशीच ठेवतो. कुणाला वेळ आहे? नानांना होता. ते प्रत्येक नाव खोडून तिथे कारण लिहायचे. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. 'पाना फिरायला जागा'. 'पावसाचं पाणी इथून जाईल'. 'हलवू नका, वायर घासते'. आणि एका झाकणाच्या दुमडलेल्या कडेला नाव होतं 'वत्सलाबाईंचा अंगठा'.

वत्सलाबाई आमच्या जुळणीच्या लाइनवर होत्या. फार वर्षांपूर्वी झाकण बसवताना त्यांचा अंगठा त्या कडेनं कापला होता. तेव्हा नानांनी कड आत दुमडली आणि नाव देऊन टाकलं. ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो. एका मीटिंगमध्ये ते पडद्यावर दाखवून इतरांनाही हसवलं होतं. नानाही हसले. म्हणाले, "हसा की. पर लक्षात ऱ्हाईल."

मग नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं आणि निवड माझ्यावर आली. तीन विक्रेते आले. एक आमच्याच जुन्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेऊन आला होता, तो साधा माणूस, त्याचा प्रोजेक्टरही नीट लागेना. दुसऱ्याचं मला आठवत नाही. तिसऱ्यानं मात्र आमचाच डबा पडद्यावर असा काही फिरवला, चकाकवला, वजन देऊन वाकवून दाखवला, की मी खुर्चीत पुढे सरकून बसलो. कोण नाही सरकणार? नाना मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"जुन्या फायलीतली डाव्या बाजूची यादी ह्याच्यात येईल का?"

"आकार हुबेहूब येईल, काका," तो म्हणाला. "यादी नाही येणार. डबा एकसंध ठोकळा म्हणून येतो. त्याची गरज काय पण?"

मी गुणांचा तक्ता केला होता. वेग, शिकायला लागणारा वेळ, ग्राहकाच्या फायली उघडणं, असे रकाने. नानांच्या प्रश्नाला रकाना नव्हता. मी 'इतर' खाली लिहिलं, 'भावनिक मुद्दा'. हे मी लिहिलंय, माझ्या अक्षरात, आणि तो तक्ता अजून फाइलला आहे. जुन्याच्या नव्या आवृत्तीत सगळी नावं जशीच्या तशी राहिली असती. मी तिसरं निवडलं.

"साहेब, मग मला दोन महिने द्या," नाना म्हणाले. "जुने पाची डबे नव्यानं काढतो, नावांसकट."

"आकार आलाय ना, नाना? आधी नवं काम उरकू."

"व्हय," ते म्हणाले. वाद घालायची त्यांना सवय नव्हती. नव्या डब्यांवर ते निमूट काम करत राहिले, त्यांनाही नावं देत राहिले. जुना संगणक मूळ फायलींसकट पुसून स्टोअरला गेला. त्या कागदावरची सहीदेखील माझीच. पुढे चार महिन्यांनी नाना निवृत्त झाले. शाल, नारळ आणि माझं भाषण. भाषणात मी 'वत्सलाबाईंचा अंगठा' सांगून पुन्हा एकदा हशा मिळवला.

आणि एवढं सगळं करून मीच विसरलो. यावर तुमचा विश्वास बसणार नाही, माझाही बसत नाही. ग्राहकाला एका जुन्या डब्याचं वजन कमी हवं होतं. मी फाइल उघडली. डावीकडे यादीच नव्हती, एक ठोकळा, त्याला एक नंबर. झाकणाची कड उगाच दुमडलेली दिसली. ती काढली, वजन उतरलं, ग्राहक खूश झाला. कड घासून घ्यायचं ठरलं होतं, ते घाईत राहून गेलं. तिसऱ्या दिवशी लाइनवर झाकण बसवताना लातूरकडच्या सुनीताचा उजवा अंगठा त्या कडेनं शिरेपर्यंत कापला. टाके पडले, मलमपट्ट्या झाल्या, पण अंगठा अजून पुरता वाकत नाही. तिला पॅकिंगला बसवलं. मी विचारायला गेलो तर म्हणाली, "चपाती लाटता येतीय, सर. शेंगा तेवढ्या सोलता येईनात."

त्या शनिवारी मी चऱ्होलीला गेलो. नानांनी दार उघडलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं.

"कुठला हात?"

"उजवा."

त्यांनी स्वतःचा उजवा अंगठा दोनदा मिटला आणि उघडला. मग म्हणाले, "एक फोन करायचा व्हता, साहेब. नंबर तर व्हता की तुमच्याकडं."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. सून चहा घेऊन आली तसे ते सावरून बसले. "पुढच्या खेपेला ती मशीन घेऊन या," म्हणाले. "मला आठवतंय तवर लिहून घ्या."

मग मी लॅपटॉप घेऊन जाऊ लागलो. मी ठोकळा फिरवायचो, नाना चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावायचे आणि बोट ठेवायचे. "ह्ये वरचं भोक? गाडी धुताना पाणी साचायचं. लिहा." "ही खाच वत्सलाबाईंनीच सुचवली, आपलं नाव लावू नका." जवळजवळ सगळं त्यांच्या लक्षात होतं. चार शनिवारांत चार डबे झाले. इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून मी जेवढं ऐकलं नव्हतं, तेवढं त्या चार दुपारी ऐकलं. बरं वाटायला लागलं होतं मला, खरं सांगतो.

पाचव्या शनिवारी ग्राहकाची माणसं आली. पुढच्याला आणखी काहीतरी. एका सकाळी नानांचाच फोन आला. "साहेब, पाचवा डबा राहिलाय."

"येतो नाना. पुढच्या शनिवारी नक्की."

"या. मी कुठं जातोय?"

मी गेलो नाही. त्या शनिवारी नाही, पुढच्याही नाही. मग फोन आला तो त्यांच्या सुनेचा. नाना सकाळी दूध घेऊन जिना चढत होते, मधल्या पायरीवर बसले आणि उठलेच नाहीत. दहाव्याला गेलो तेव्हा घरातल्या डब्यांची झाकणं बघत बसलो होतो. सगळ्यांच्या कडा पक्कडीनं आत दाबून घेतलेल्या होत्या.

पाचवा डबा नंतर मी एकट्यानं नव्यानं काढला. आकारावरून, लाइनवरच्या बायकांना विचारून, बरीचशी कारणं लागली. एक भोक मात्र उरलं. मागच्या कोपऱ्यात, करंगळीही जाणार नाही एवढं. त्यातून पाणी जात नाही, वायर जात नाही, तिथे स्क्रू बसत नाही. वत्सलाबाईंना गाठून विचारलं, त्यांनाही आठवेना. डिझाइनला नवी आलेली मुलगी म्हणाली, "सर, काढून टाकू? पाडायला उगाच वेळ जातो."

मी तिला थांबवलं. डाव्या बाजूच्या यादीत त्या भोकाचं नाव खोडलं आणि नानांसारखं, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, 'कशापायी ते माहीत नाही. विचारायला गेलो नाही. काढू नका.'