पाच तारांची घोडी

थेरगावचे किसनराव ओव्हाळ चाकणच्या एका कंपनीत टूलरूममध्ये एकतीस वर्षं फिटर होते. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण बोटं काही रिटायर व्हायला तयार नव्हती. घरात एकही बिजागर कुरकुरत नव्हतं. पोळपाट तर त्यांनी घासून असा सपाट केला होता, की यावर पोळी लाटायची की कंपनीचा माल तपासायचा, असं त्यांच्या पत्नी जाईबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या.

लेक मिनल हिंजवडीत नोकरी करायची आणि रविवारी सांगवीच्या एका ऑर्केस्ट्रात डबल बास वाजवायची. म्हणजे व्हायोलिनचा आजोबा. उभं राहूनच कवेत घ्यावा लागतो. यंदाच्या कार्यक्रमातल्या रचनेत काही सूर इतके खोल होते, की रांगेतले चारही बास अलीकडेच थांबायचे. त्यांना तारा चारच. खाली उतरायला पाचवी तार हवी. ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या सुजित सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की रविवारच्या तालमीत मिनलने पाच तारांचा बास आणला तर ठीक, नाहीतर तिच्या जागी मुंबईहून वादक येईल.

मिनलने जुना पाचतारी बास मिळवला. शेजारच्या मालोजीरावांच्या टेम्पोतून तो ऐटीत निघाला आणि रावेतच्या एका गतिरोधकावर त्याची घोडी मोडली. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी फळी. नवी मागवायची तर तीन आठवडे.

"मी करतो," किसनराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत नव्हतं असं तेज आलं.

दुसऱ्या दिवशी मिनल कामावर गेल्यावर त्यांनी मोडकी घोडी जुळवून पाहिली. मधे उंच, दोन्ही कडांना उतरती. किसनरावांनी मान हलवली. इतकी वर्षं वापरलेली वस्तू, कडा झिजणारच. त्यांनी कठीण लाकूड आणलं, मधल्या उंचीचं माप धरलं आणि वरची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी सरळ केली, की पट्टी ठेवली तर खालून उजेड जाऊ नये.

शनिवारी संध्याकाळी मिनलने तारा चढवल्या आणि गज फिरवला. एका तारेवर फिरवला, पण वाजल्या एकदम तीन. शिफ्ट सुटताना गेटवर सगळ्या बसनी मिळून हॉर्न द्यावा, तसं काहीतरी झालं.

"पप्पा, ही सपाट का केली?"

"झिजली होती ना."

"ती झीज नव्हती हो. गोलाईच असते तिला. तारा वर-खाली असल्या तरच गज एकीवर बसतो."

 अगदी बिनचूक माल परत यायची ही किसनरावांची पहिलीच वेळ.

"समदं जग काय पोळपाट हाय का?" जाईबाई आतून म्हणाल्या.

पण त्या चुकीतच सोय होती. माप मधल्या उंचीचं धरल्यामुळे कडांना लाकूड शिल्लक होतं. किसनरावांनी जुन्या तुकड्यांवरून पुठ्ठ्याचा साचा कापला, कानस घेतली आणि स्वतःच्या हाताने केलेली ती सुंदर सरळ कड उतरवायला बसले. मिनल दर दहा मिनिटांनी डोकावून जायची. जेवणाची ताटं वाढेपर्यंत घोडीला पाठ आली होती.

रविवारी मालोजीरावांनी टेम्पो बैलगाडीच्या वेगाने सांगवीला नेला. किसनराव हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसले. तो खोल सूर आला तेव्हा तो त्यांना आधी तळपायाला कळला, मग कानाला. एकटा, स्वच्छ सूर. शेजारची तार हलली नाही.

सुजित सरांनी वादन थांबवलं आणि ते मिनलजवळ गेले. तिने गज छातीशी धरला.

"पाचवी तार दीडेक मिलिमीटर खाली हवी," ते म्हणाले. "कार्यक्रमाच्या आत करून आणशील?"

कार्यक्रमाच्या आत म्हणजे कार्यक्रमात आपण आहोत, हे मिनलच्या डोक्यात उतरायला दोन क्षण लागले. ती तोंड उघडणार, एवढ्यात मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

"दीड की दीडेक, सर? नक्की आकडा सांगा."