मेघना आणि प्रिक्वेलचं भांडण

माझी बायको मनमिळाऊ नव्हती.

ती गेली तेव्हा सोसायटीच्या फळ्यावर 'मनमिळाऊ' असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण मेघना भांडखोर होती. आवडत्या गोष्टीवरून तर जरा जास्तच.

आज तिला जाऊन वर्ष झालं. म्हणून तिच्या एका भांडणाबद्दल लिहितोय.

मेघना नौपाड्यात एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होती. ठाकुर्लीला घरी आली की आधी चहा, मग हातात कंट्रोलर. मला गेममधलं ओ की ठो कळायचं नाही. मी बाजूला बसून बघायचो.

तिचा सगळ्यात लाडका एक सायबरपंक गेम होता. एक भलंमोठं शहर. एका कंपनीने तिथे माणसांच्या आठवणीसुद्धा विकत घेतलेल्या. आपण एक कुरिअरवाली, अर्धं शरीर मशीनचं. तळघरात एक म्हातारी डॉक्टर आपला हात दुरुस्त करून देते.

ती डॉक्टर लंगडते. का, ते गेम शेवटपर्यंत सांगत नाही.

मेघनाला ते न सांगणंच आवडायचं. म्हणायची, "पेशंट कुठे सगळं सांगतात रे? चालण्यावरून ओळखायचं असतं."

बऱ्याच वर्षांनी त्याचा प्रिक्वेल आला. शहर तेच, पण कंपनी यायच्या आधीचं. आणि आपण तीच डॉक्टर, तरुणपणची.

तोवर मेघनाची केमो सुरू झालेली.

अंगात जरा ताकद असली की ती खेळायला बसायची. असं करत करत पूर्ण खेळली. आणि जाम वैतागली. तिचं म्हणणं, मॅप मोठा केला पण रस्ते रिकामे. पहिल्या गेममध्ये एकच बाजाराची गल्ली होती, पण तिथला प्रत्येक दुकानदार लक्षात राहायचा. आणि इथे डॉक्टरचा पाय कसा मोडला हे दाखवायला यांनी अख्खा गेम काढला.

हे सगळं तिने आमच्या इकडच्या गेमर्सच्या ग्रुपवर लिहिलं. एरवी अशा पोस्टवर दोन दिवस मारामारी चालते.

या वेळी काहीच नाही.

"खरंय ताई." "टेक केअर ताई." हार्ट, हार्ट, हार्ट. डोक्याला स्कार्फ बांधलेला तिचा डीपी सगळ्यांनी बघितला होता.

ती दिवसभर धुसफुसत होती. मी गेमबद्दल लिहिलंय आणि हे मला गेट वेल सून म्हणतायत, म्हणाली.

मग ग्रुपचा मीटअप ठरला. नौपाड्यातच, एका क्लासच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी. विषय: पहिला गेम भारी की प्रिक्वेल? पहिल्याच्या बाजूने मेघना. प्रिक्वेलच्या बाजूने टिटवाळ्याचा तन्मय, नुकताच नोकरीला लागलेला मुलगा. ग्रुपवर वाद घालण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे.

मी म्हटलं, अगं, राहू दे, दमशील.  तिने कपाटातून चांगला कुर्ता काढला.

हॉल भरलेला. मेघना खुर्चीत बसूनच बोलली, पण बोलली झकास. मग तन्मय उठला. म्हणाला, ताईंनी सगळंच छान मांडलंय, मला वेगळं काही सांगायचं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मेघनाने माइक परत हातात घेतला.

"तन्मय, मी आजारी आहे. माझा मुद्दा आजारी नाही. नीट भांड."



तन्मयचे कान लाल झाले.  आणि मग तो खरंच भांडला.

तो म्हणाला, "ताई, पहिल्या गेममध्ये शहर आधीच विकलं गेलंय. आपण आरामात कंपनीला शिव्या देतो. प्रिक्वेलमध्ये शहर कंपनीला विकायच्या कागदावर सही आपण करतो. आपल्या हाताने. तुम्ही पायाचं बोलताय. मला ती सही आठवते."

मेघनाने ते ऐकून घेतलं. मग उलट सवाल केले. त्याने उत्तरं दिली. ती मध्येच तोडायची, तोही सोडायचा नाही. मागच्या रांगेतले लोक उभे राहून ऐकत होते. इतक्या महिन्यांत मी तिला तशी बघितली नव्हती. खुर्चीच्या टोकावर, डोळे चमकतायत.

शेवटी हात वर करून मतं घेतली.

मेघना हरली. चांगलीच हरली.

स्टेशनला येताना रिक्षात ती एकटीच बोलत होती. त्या मुलाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता रे, म्हणाली. इतकी खूश, जसं काही बक्षीस मिळालंय.

घरी येऊन जेवली, झोपली आणि संध्याकाळी प्रिक्वेल पुन्हा लावला. सहीच्या सीनपर्यंत गेली. सही केल्याशिवाय गेम पुढे जात नाही. कितीतरी वेळ ती नुसती त्या कागदाकडे बघत बसली. मग बटण दाबलं. आणि तन्मयला व्हॉइस नोट पाठवली, की सहीचं तुझं बरोबर आहे. पायाचं नाही.

ते दोघं पुढे हॉस्पिटलमध्येही पायावरून भांडत राहिले. तिचा आवाज बसला तेव्हा टाइप करून.

तेराव्याला तन्मय घरी आला. सगळे मेघनाच्या गोड स्वभावाबद्दल बोलत होते. हा गप्प. शेवटी मेघनाच्या आईंनी त्याला विचारलं, तू कसा ओळखायचास तिला?

"काकू, मला फार झापायच्या त्या."

आई हसल्या. ती गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता रडल्या आणि त्याला जवळ बसवून म्हणाल्या, "लहानपणापासून तशीच आहे ती."

मेघना, मी या वर्षात दोन्ही गेम शिकलो. दोन्ही खेळलो. हळूहळू, तुझ्या शिव्या आठवत.

मला प्रिक्वेल जास्त आवडला.

पायाची गोष्टसुद्धा.

तू असतीस तर मला सोडलं नसतंस, माहितीये. पण तुला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणार नाही.

खूप अभिमान वाटतो तुझा.

चल, आता लिहायचं थांबतो.